पऱ्हाटीत उतरलेला ग्लायडर

मी एक जुना ग्लायडर आहे. जुना म्हणजे काय, चार हंगाम पाहिलेला. तुमच्या हिशेबात हे वय अंगणात रांगोळी विस्कटण्याचं असेल, मित्रांनो, पण आमच्यात चार हंगाम धड राहिलेल्याला म्हातारबुवाच म्हणतात. मला इंजिन नाही, पंखा नाही, घरघर नाही. दोन लांब पंख, एक निमुळतं अंग, एक शेपूट, आणि खाली उभं राहून रिमोटनं मला वळवणारी एक बाई, एवढाच माझा प्रपंच. इंजिन नाही तर हा उडतो कसा, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मी उडत नाही, मी सावकाश पडतो. पडता पडता हवेनं वर उचललं तर तिचा मान राखून वर जातो. यात कमीपणा वाटून घ्यावा असं मला कधी सुचलं नाही.

माझा जन्म एका खोक्यात सुट्या तुकड्यांनी झाला. बाल्सा नावाचं एक अगदी हलकं लाकूड असतं, त्याच्या फासळ्या, पट्ट्या आणि पातळ फळ्या खोक्यात एकावर एक रचलेल्या होत्या. ते खोकं वर्षानं मागवलं होतं. वर्षा राळेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटीवरून तांड्यात आपल्या आईकडे येते. आईचं नाव बसंतीबाई, पण वर्षा तिला त्यांच्या बोलीत याडी म्हणते. तांडा बंजाऱ्यांचा, त्यात आपसात गोरबोली चालते आणि बाहेरचं कुणी आलं की सगळे वऱ्हाडीवर येतात.

वर्षानं खोकं उघडलं, लाकडाचा वास घेतला, आणि मिटून कपाटावर ठेवलं. मग तिला निवडणुकीची ड्युटी लागली. मग परीक्षा आल्या. मग घरातलं एक लग्न निघालं. मी कपाटावर धूळ खात पडलो. एका उंदरानं मात्र माझी न चुकता विचारपूस केली आणि जाताना एक फासळी अर्धी खाऊन गेला. तिच्या जागी आजही माझ्या डाव्या पंखात आइस्क्रीमची काडी आहे. मी ती कुणाला दाखवत नाही, तुम्ही मित्र म्हणून सांगितलं.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मला खाली काढलं. मदतीला शीला आली. ती मारेगावची, वर्षाच्याच शाळेत गणित शिकवते, आणि तिला घाई अजिबात खपत नाही. फासळ्या सरळ रेषेत उभ्या करायच्या, डिंक सुकेपर्यंत हात लावायचा नाही, असा तिचा खाक्या. सांगाडा झाल्यावर त्यावर तांबडा प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून बसवला आणि बसंतीबाईच्या इस्त्रीनं शेकला. उजव्या पंखाला थोडा पीळ पडला होता. वर्षा म्हणाली, चालेल. शीलानं मागून एक डोळा मिटून पाहिलं आणि सांगितलं, नाही चालणार, पिळलेला पंख घेऊन हा आयुष्यभर एकाच अंगाला झुकेल. पुन्हा इस्त्री तापली. पोटात रिमोटचं ऐकणारं यंत्र, बॅटरी आणि दोन छोट्या मोटरी बसल्या, एक शेपटीचं सुकाणू हलवायला आणि एक नाक वरखाली करायला. पंख मात्र अंगाला चिकटवले नाहीत, जाड रबरांनी बांधले. जोरात आपटलो तर रबर सुटावं आणि पंख वाचावेत, म्हणून.

आता उडवायचं कुठं, हा प्रश्न आला. शाळेच्या मैदानावर विजेच्या तारा, शेजारी रस्ता. तांड्याच्या पलीकडे पूनमसिंग नायकाचं वावर होतं. सोयाबीन निघून गेलेलं, लांबच लांब मोकळं, तार नाही की खांब नाही. पण पूनमसिंग काका म्हणजे तांड्याचा नायक, त्यांचा शब्द पुढं आणि तांडा मागं. त्याच पावसाळ्यात फवारणीचं एक ड्रोन त्यांच्या बैलाच्या डोक्यावरून गेलं होतं आणि बुजलेला बैल जू मोडून पळाला होता. तेव्हापासून आकाशातून येणाऱ्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. वर्षानं आपल्या शाळेतल्या मुलींना शब्द दिला होता की ग्लायडर उडवायला शिकवीन. तो शब्द आता काकांच्या वावरावर अडला होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, मला हातात धरून वजन पाहिलं, आणि म्हणाले, "एक डाव उडवून दाखव. मानसाले नाई अन् जनावराले नाई, कोनाले धक्का लागला नाई पायजे. लागला, तर हे पाखरू पुन्हा माह्या वावरात दिसू नको देऊ."

वर्षानं मान डोलावली. आणि तिनं मला त्यांच्या हातातून परत घेतलं.

दिवाळीची सुट्टी केव्हाच संपली होती. उडण्याच्या आदल्या दिवशी दोघी शाळेत गेल्या आणि मी बसंतीबाईच्या ताब्यात राहिलो. ती तांड्यातली नावाजलेली कशिदाकार. नवं लेकरू असो की नवी नवरी, तिच्या हातचे आरसे आणि कवड्या अंगावर चढल्याशिवाय तिला ते उघडं वाटतं. मी तर पहिल्यांदाच घराबाहेर निघणार होतो. तिनं लाल कापडावर आरसे टाचले, कवड्या ओवल्या, खाली गोंडा लावला, आणि हे सगळं प्रेमानं माझ्या शेपटीला बांधलं. मी आरशात स्वतःला पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी फार देखणा दिसत होतो.

संध्याकाळी शीलानं माझी तोलाची परीक्षा घेतली. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश अंतरावर खालून दोन बोटं लावायची, ग्लायडर आडवा तरंगला पाहिजे, नाक किंचित खाली. माझं नाक आढ्याकडे गेलं आणि शेपूट धपकन खाली बसली. शेपूट जड असलेला ग्लायडर वर जातो, हवेत थबकतो, आणि कुणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नसतो. वर्षानं याडीला विचारलं, शेपटीलाच का बांधलं?

"नजर मांगूनच लागते ना," बसंतीबाई म्हणाली. "मंग मांगं नाई बांधू तर कुठं बांधू?"

तोल बरोबर यायला नाकात थोडं वजन हवंच होतं, आणि खोक्यातला शिशाचा तुकडा कमी पडत होता. शीलानं गोंडा काढून ठेवला, आरसे-कवड्यांची घडी करून माझ्या नाकाच्या पोकळीत घट्ट बसवली, आणि पुन्हा बोटं लावली. मी आडवा तरंगलो. एवढी कलाकुसर नाकात गडप झाली म्हणून बसंतीबाई रुसली खरी, पण देवळातला देव तरी गाभाऱ्यातच असतो, असं शीलानं म्हटल्यावर तिचा राग निवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा तांडा वावरात जमला. वर्षानं सर्वांना आपल्या पाठीमागं मोहाच्या झाडाखाली उभं केलं. समोरची मोकळी पट्टी माझ्या उतरण्यासाठी राखून ठेवली. पट्टीच्या उजवीकडे काकांनी मुद्दाम आपली बैलजोडी आणून बांधली होती, परीक्षा घ्यायची तर पुरती घ्यायची म्हणून. डावीकडे शेजारच्या वावरात वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी होती. कपाशीचं झाड वाळलं की काटकी काटकी ताठ होते, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

वर्षानं आधी रिमोट चालू केला, मग माझी बॅटरी. हा क्रम उलटा करायचा नसतो, नाहीतर ऐकणारा जागा आणि सांगणारा झोपलेला, अशी गत होते. उतरल्यावर बंद करताना आधी मी, मग रिमोट. तिनं दांडी उजवीकडे नेली, सुकाणू उजवीकडे वळलं का ते पाहिलं. शीला मला घेऊन दूर चालत गेली आणि तिथूनही मी ऐकतो का, याची खात्री झाली. मग चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. जमिनीतल्या खुंटीला बांधलेली रबराची लांब दोरी माझ्या पोटाखाली अडकवून गलोलीसारखी ताणली, मला वाऱ्याच्या तोंडाला धरलं, आणि सोडलं.

मित्रांनो, ते कसं सांगू! मी वर गेलो. दोरी आपोआप सुटून पडली आणि एकदम सगळीकडे शांत झालं. खाली तांड्याची पत्र्याची छपरं, विहीर, माना वर केलेली माणसं. काळी माती उन्हानं तापू लागली होती आणि एका जागी एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. जिथं घार फुकटात वर जाते तिथं तापलेली हवा वर चढत असते, हे वर्षाला माहीत होतं. तिनं मला हळूच त्या घारीच्या खाली नेलं. हवेनं मला पोटाखालून उचललं आणि मी चढतच गेलो. घारीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. मला तो मोठा सन्मान वाटला. खाली काकांची मान दुखेपर्यंत वर होती आणि बैल निवांत रवंथ करत होते. मी इतका खूश झालो होतो की मला कायमचं तिथंच राहायचं होतं.

पण वर्षानं बॅटरी संपायची वाट पाहिली नाही. शहाणा माणूस जेवणातून भूक राखून उठतो, तशी ती मला वेळेवर खाली आणू लागली. दूरवरून मोठं वळण घेऊन मी पट्टीच्या रेषेत आलो. वारा नाकावर, पंख समतोल. सगळं झ्याक होतं.

आणि तेव्हाच मोहाखालून गाणं सुरू झालं. तांड्याची रीत आहे, पाहुणा येताना दिसला की बाया गाणं म्हणत त्याला सामोऱ्या जातात आणि पायांवर पाणी घालतात. वर्षानं उडताना मागं राहा म्हणून बजावलं होतं. बायांच्या मते उडणं झालं होतं, आता पाहुणा घरी येत होता. बसंतीबाई पाण्याचा लोटा घेऊन पुढं, तिच्या मागं सगळ्या जणी, कडेवर लेकरं घेऊन, थेट माझ्या पट्टीवर. वर्षा ओरडली, पण गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मला ब्रेक नाही. इंजिन नाही, म्हणून पुन्हा वर जाणंही नाही. समोर बाया, उजवीकडे बैल. पट्टीवर मऊ मातीत उतरायला मला फक्त थोडं सरळ जायचं होतं. बाया कदाचित बाजूला झाल्याही असत्या. पण वर्षानं त्या कदाचितवर माझा भार टाकला नाही. तिनं दांडी डावीकडे दाबली, पुरती. मी वळलो आणि पऱ्हाटीत घुसलो.

रबरं सुटली, पण एवढ्या काटक्यांपुढं रबरं काय करणार. उजव्या पंखाचा कणा कडकन मोडला. तांबडा कागद फाटून लोंबू लागला. गाणं थांबलं. वर्षा धावत आली आणि माझ्याजवळ मातीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी होतं, हे मला कळलं. मागून बसंतीबाई पोहोचली. तिला काय झालं ते उमगेना, फक्त पाहुणा पडला एवढंच दिसलं, आणि रीतीप्रमाणे तिनं लोटा तिरका केला. शीलानं झडप घालून तो वरच्यावर धरला, नाहीतर माझी बॅटरी आणि दोन्ही मोटरी तिथंच गार झाल्या असत्या.

"पाहुना दारात येऊन राह्यला, अन् आपन दूर उभं राहाव काय?" बसंतीबाई रडवेली होऊन म्हणाली.

वर्षा म्हणाली, याडी, चूक माझी. कुठं उभं राहायचं ते मी सांगितलं, कधीपर्यंत ते सांगायचं राहिलं.

पूनमसिंग काका काठी टेकत आले. वर्षानं माझे तुकडे गोळा करायला सुरुवात केली होती, आता खोकं आणि कपाट हेच माझं नशीब, असं तिनं गृहीत धरलंच होतं. काकांनी खाली वाकून मोडलेला पंख उचलला आणि बराच वेळ उलटसुलट पाहिला.

"ड्रोनवाल्याचं मशीन झाडाकडे जाऊन राह्यलं होतं," ते म्हणाले. "त्यानं मशीन वाचवलं, म्हणून ते बैलावर आलं. तुह्यासमोर मऊ जागा होती. तरी तू आपलंच मोडलं." मग त्यांनी पंख तिच्या हातात दिला. "जोडून घे. अन् पोरीइले घेऊन ये. बायाइले कुठं थांबवाचं ते आता म्या पाहीन."

आणि त्यांनी खरंच पाहिलं. मुली यायच्या दिवशी ते काठीनं जमिनीवर रेघ ओढतात, आणि पाहुणा पूर्ण थांबून बंद होईपर्यंत कुणाची, अगदी त्यांच्या घरच्या मंडळींचीही, ती ओलांडायची टाप नसते. त्यानंतरच गाणं. बसंतीबाईच्या लोट्यातलं पाणी आता उडवणाऱ्या मुलीला प्यायला मिळतं.

माझा कणा बांबूची कामटी लावून जोडला. तांबडा कागद संपला होता, म्हणून उजवा पंख पिवळा झाला. अलीकडे फोमचा एक नवा कोरा भाऊ आलाय, नाकात मोटर असलेला, आणि त्याच्या भोवती मुलींची झुंबड असते. थोडं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण पहिला धडा अजून माझ्यावरच होतो, कारण माझे जोड दिसतात आणि ते पाहून शिकवता येतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कपाटावर ठेवून जपू नका, हवेत नेऊन जपा. तोल बघा, वारा बघा, आणि सर्वांत आधी माणसं कुठं आहेत ते बघा. आणि कधी माणूस की ग्लायडर अशी वेळ आलीच, तर क्षणभरही विचार न करता आम्हाला पऱ्हाटीत घाला. आम्ही मुळीच रागावत नाही.