गुलाबी कागदावरची बाई

भर दुपारी घर निवांत असताना स्वयंपाकघरातून ग्लासात चमचा फिरल्याचा किणकिणाट आला. मांडीवरचं तान्हं दचकलं आणि पुन्हा पेंगलं. त्याला खाली निजवून ती बघायला गेली, तर नणंदबाई पाण्यात हिरवट पूड ढवळत उभ्या.

"हे काय घेताय, ताई?"

"पकडलीस का चोरी!" ताई हसल्या. "वजनावरचं आहे. दहा दिवस झाले. दोन वेळा हे आणि एकदाच जेवण."

पुडीच्या डब्याखाली जाहिरातीचा गुलाबी कागद होता. तिने तो दुरूनच ओळखला. छापखान्यात मजकूर जुळवायचं काम तिचं, हा कागदही तिच्याच हातचा. बाळंतपणाच्या रजेआधी, घाईगर्दीत मालक म्हणाले होते, "खाली चार बोटं जागा उरलीय. गिऱ्हाइकाने पूड घेणाऱ्यांचे अनुभव दिलेच नाहीत. टाका तुम्हीच काहीतरी." रिकामी जागा दिसली की भरायची, ही तिथली सवयच. तिने बसल्या बैठकीला लिहून टाकलं होतं: 'मी दोन मुलांची आई. सगळी औषधं सोडून फक्त ही पूड घेतली. एकवीस दिवसांत हलकी झाले.'

"ताई, ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत ना?"

"सोडली ती. हिने नाही का सोडली?" ताईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "किती मनापासून लिहिलंय बिचारीने! डोकं जरा ठणकतंय माझं, पण तेवढं चालायचंच."

'जाहिराती खोट्याच असतात' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण जाहिरातीवरचा विश्वास उडाला तरी ताईंचा त्या बाईवरचा उडणार नव्हता. आणि बाळंतपणात तिची पाठ शेकणारे, मोठ्या लेकीला रोज शाळेत पोचवणारे हात याच ताईंचे होते.

"ताई, अशी कुणी बाईच नाही. ते मी लिहिलंय."

ताईंनी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. "एकवीस दिवस पण तुझेच?"

"पंधरा लिहिलं तर ओळ भरत नव्हती."

ताईंना हसू फुटलं. हसता हसता त्या खुर्चीत बसल्या आणि डोळे भरून आले. "अगं, रोज वाटायचं, हिला जमतं, मलाच कसं जमत नाही? मीच मेली खादाड, मीच आळशी!"

तान्ह्याला कडेवर घेऊन, शाळेतून नुकत्याच आलेल्या मोठीचं बोट धरून ती ताईंना तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर मोजलं, त्यांच्या कपाळाला आठी पडली. गोळी लगेच सुरू करायला सांगून त्यांनी पूड बंद केली. मग हळूच विचारलं, "तुमच्या वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल?"

ताई गोंधळल्या. आजवर या विषयावर सगळे बोलले होते, विचारून कुणीच नाही.

"लठ्ठपणा हा आजार आहे, आळसाची शिक्षा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात घराण्याचा हात असतो, झोपेचा, ताणाचा, काही औषधांचाही. थोडं वजन उतरलं तरी फायदा होतो. आपण मिळून बघू."

निघताना त्यांनी वाचायला एक पत्रक दिलं. तिने ते धंद्याच्या नजरेने तपासलं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं होतं. विकायला काहीच नव्हतं. एका जागी तर चक्क छापलं होतं, 'याबद्दल अजून पुरेशी माहिती नाही.' अशी ओळ तिने जन्मात जुळवली नव्हती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "रागावलात ना माझ्यावर?"

"रागावले तर! चांगली आठवडाभर रागावणार आहे." ताईंनी तान्ह्याला तिच्याकडून घेतलं. "पण सांगितलंस गं बाई. गप्प बसली असतीस, तर मला कुठे कळणार होतं?"

तिने ताईंच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ताईंनी ते टेकू दिलं.

ओट्यापाशी मोठी टाचा उंचावून गुलाबी कागद वाचत होती. नुकतंच वाचायला लागलेलं पोर, एकही अक्षर सोडत नव्हतं. अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत पोचली.

"आई, इथे 'प्रती पाच हजार' लिहिलंय. आत्याला तू सांगितलंस. बाकीच्यांना कोण सांगणार?"