तांबडा डोंगर
१९९४च्या उन्हाळ्यात, सणसरच्या घरी, आईने चित्र पुरं केलं. एकमेकांना टेकलेले निळे त्रिकोणी डोंगर आणि बाजूला एकटा तांबडा.

"हा तांबडा का गं?" मी विचारलं.

"तूच वळख," म्हणत ती मेथी निवडू लागली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला महिपतीमामांनी चित्राला भंडारा वाहिला. "जेजुरीचा गड हाय. देवळात लावू."

"गडाला पायऱ्या असतात, मामा. इथे नाहीत."

"लई शिकलीस, म्हणून देव दिसंना व्हय?"

"मला आई दिसते. बाबा गेल्यावर ती कुणालाच टेकली नाही." चित्रावरचा भंडारा मी बोटाने पुसून कपाळाला लावला. "चित्र माझ्याकडे राहील."

मग आजवर कधीच न म्हटलेलं मी मोठ्याने म्हणाले, "माझी आई चित्रकार होती."