आता कोणी जायचं नाई

“मांगं सरका! दोरीच्या आत पाय टाकला त मी एक बी नळा पेटवणार नाई,” शेषराव ओरडला, आणि जयंतीची सगळी गर्दी मुकाट्यानं मागे सरकली.

धर्मांतरानंतरची ही तिसरी जयंती, आणि शोभेची दारू पहिल्यांदाच. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात एप्रिलमध्ये जिकडेतिकडे कडब्याच्या गंज्या. एक ठिणगी पडली असती, तर पुढच्या वर्षी मिरवणुकीचं नाव काढायची सोय नव्हती. रामराव पाटलानं तसं चारचौघांत बजावलंच होतं. म्हणून शेषरावनं नदीचं कोरडं वाळवंट निवडलं. वारा पाहिला, पाण्याची पिपं भरली, वाळूचा बांध घातला. सूचना तर इतक्या दिल्या, की लोक वैतागले. “दादा, दारू उडवाची हाय का परीक्षा घ्याची हाय?” असं देवराव चिडवायचा. हा अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता आणि जयंती कमिटीचा सेक्रेटरी होता.

पण भुईनळे झकास उडाले. बाण सरळ वर गेले. पलीकडच्या काठावर गाववाले फजिती पाहायला जमले होते, ते आ वासून पाहत राहिले. शेषरावची छाती फुगली, आणि का फुगू नये?

शेवटी चक्र होतं. पुरुषभर उंचीचं, बांबूचं, आठ आऱ्यांचं. त्याच्या कागदी नळ्या शेषरावच्या विधवा भावजयीनं, सुंदराबाईनं, वळल्या होत्या. शेषरावनं वात पेटवली आणि तो बांधाआड आला. वात सुरसुरत आत गेली. थोडा धूर निघाला. मग काहीच नाही.

पलीकडे हशा पिकला. रामराव ओरडला, “शेष्या, जाऊन पाह्य न बे!”

हे वाक्य जुनंच होतं. गावच्या यात्रेत शोभेच्या दारूला बत्ती लावायचा मान म्हणे शेषरावच्या घराचा. मान कसला! न फुटलेला बार जाऊन पाहायला गावाला कोणीतरी लागायचं, एवढंच. असंच ओरडून लोकांनी त्याच्या थोरल्या भावाला, बुधाजीला, पाठवलं होतं. त्याला शेषरावनंच घरी आणलं, चादरीत.

बांधाआड शेषरावच्या शेजारी बसलेला देवराव बाह्या सारत उठला. “दादा, सारं गाव हासून राह्यलं. इज्जतीचा सवाल हाय. मी जातो.”

शेषरावनं त्याची कॉलर धरून त्याला खाली बसवलं. “बुधाजी बी इज्जतीपायीच गेला होता. आता आपल्यातलं कोणी जायचं नाई.”

“काहून, भेला काय बे?” पलीकडून आवाज आला.

शेषराव बांधाआडून ताठ उभा राहिला. “हो, भेलो! तुमी नाई न भेत, पाटील? मंग या इकडं. तुमीच पाहून घ्या!”

पलीकडचा हशा थांबला. वाळवंट मोकळंच होतं, अडवणारं कोणी नव्हतं. पण कोणी आलं नाही.

शेषरावनं बराच वेळ जाऊ दिला. मग लांब बांबूच्या टोकाला डबा बांधला आणि बांधाआडूनच चक्रावर पाणी ओतायला लागला. सुंदराबाई डबा भरून देत होती. रंगीत कागदांचा लगदा होऊन वाळूवर गळत होता. वस्तीतल्या बाया रडायला लागल्या. शेषरावच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

“वयनी, तुमची मेहनत पाण्यात चालली.”

“जाऊ द्या. अजून घाला, भाऊजी.”

चक्र पुरतं भिजलं. सकाळपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही, असं शेषरावनं बजावलं. देवराव मात्र मान खाली घालून तिथंच बसून होता. सुंदराबाईनं हातातली बादली ठेवली.

“ऊठ बापू,” ती म्हणाली. “तुई बायको दोरीपाशी कवाची जीव मुठीत धरून उभी हाय. जाय, तिच्यापुढं जाऊन उभा राह्य.”

देवराव उठला. तो दोरी ओलांडून गर्दीत शिरेपर्यंत सुंदराबाई त्याच्याकडे पाहत राहिली.