महिन्याभरात जाणारं

तो ठिपका अजून तिथेच होता — डाव्या जबड्याच्या कडेला, कानापासून बोटभर पुढे, मोहरीएवढा, तांबूस. आणि मुलगी टोस्ट चावत होती तसा तोही खाली-वर होत होता, जणू त्यालाही शाळेची घाई होती. आईनं चहाचा कप ओठांपाशी नेता नेता थांबवला. खिडकीतून मऊ, ढगातून गाळलेला उजेड येत होता. असा उजेड स्टुडिओत आणायला तिला दोन दिवे, एक पांढरी छत्री आणि अर्धा तास लागायचा, आणि इथे तो टोस्टच्या चुऱ्यावर फुकट सांडला होता... पण तो ठिपका कसा? तो तर एव्हाना जायला हवा होता.

"काय बघतेस?" मुलीनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

"तू काही नाही बघतेस तेव्हा फार बारकाईनं बघतेस, आई." तिनं दप्तर खांद्याला लावलं. "संध्याकाळी येते स्टुडिओत. लावलास ना फोटो?"

"आज लागतोय."

"छान केलं नाहीयेस ना मला?"

"मी कुणालाच छान करत नाही," ती म्हणाली, आणि दार बंद झाल्यावर ते वाक्य स्वयंपाकघरात एकटंच उभं राहिलं.

ते वाक्य तसं खरं होतं. तिच्या धंद्याची सगळी इमारत त्याच्यावर उभी होती. तिच्याकडे दिवसाला एकच गिऱ्हाईक यायचं, आणि त्याला गिऱ्हाईक म्हणायची मनाई होती, पाहुणे म्हणायचं. पाहुण्यांना पातळ कपातून कॉफी मिळायची, त्यांच्या आजोबांची चौकशी व्हायची, आणि मग ती त्यांना स्टुलावर बसवून विचारायची, "आज घरून निघताना काय विसरून आलात?" माणूस आठवायला लागला की त्याचा आरशासमोर घोटलेला चेहरा गळून पडायचा आणि आतला, जरासा बावळट, खरा चेहरा वर यायचा. तेवढ्यात ती बटण दाबायची. आणि नंतर, फोटो साफ करताना, तिचा एकच नियम होता, जो तिनं कितीतरी होतकरू मुलामुलींना भाषणांतून सांगितला होता: महिन्याभरात जाणारं काढायचं, राहणारं ठेवायचं. पुरळ, वस्तऱ्याची जखम, जागरणाची सूज — हे जाणारं, ते पाहुण्यासारखं आलेलं. तीळ, व्रण, वाकडं नाक, आठ्या — हे घरचं. त्याला हात लावायचा नाही.

आणि सुट्टीत काढलेल्या मुलीच्या फोटोतला तो ठिपका तिनं पुसला होता. विचारसुद्धा न करता, बोलता बोलता कुणाच्या खांद्यावरचा धागा झटकावा तसा. पुरळ असेल. या वयात येतंच.

स्टुडिओत चौकटवाला आधीच येऊन शिडीवर चढला होता. प्रतीक्षेच्या खोलीतल्या त्या भिंतीवर इतकी वर्षं दुसऱ्यांचीच घरं टांगलेली होती — उद्योगपतींची, नर्तकींची, एका शल्यविशारदाची आणि त्याच्या तीन कुत्र्यांची — आणि पाहुणे हटकून विचारायचे, "तुमच्या घरचा फोटो कुठला?" दिव्याखाली अंधार, असं ती हसून सांगायची, आणि ते ऐकायला बरं वाटायचं. खरं कारण असं की मुलगी आठ वर्षांची झाल्यापासून कॅमेरा दिसला की टेबलाखाली जायची. "मी तुझी पाहुणी नाही," असं तिनं एकदा खालूनच ठणकावलं होतं. ती या वर्षी कशीबशी तयार झाली होती, ते एका अटीवर. मला छान करायचं नाही...

"तंतोतंत आलीय हो," चौकटवाला शिडीवरून म्हणाला. "तुमच्यावरच गेलीय. बोलायला लागेल असं वाटतंय."

तीच तर भीती होती.

"तुमची खाली सही झाली की पट्टी मारून चौकट मागून बंद करतो. उद्या येऊ?"

"उद्या या," ती म्हणाली. सही तिनं केली नाही.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्या पत्नी. न्यायाधीशांनी स्टुलावर बसल्या बसल्या निकाल दिला, "डोळ्यांखालच्या पिशव्या ठेवा. कमावलेल्या आहेत."

"आणि कपाळावरची ती उभी आठी," पत्नी कोपऱ्यातून म्हणाल्या, "ती काढलीत तर मी फोटो घरात घेणार नाही."

"हिला माझी आठी आवडते, हे मला आज कळतंय," न्यायाधीश म्हणाले.

"आवडते कुठं म्हटलं? माझी आहे म्हटलं. लग्नात नव्हती. मी पाडलीय."

न्यायाधीश हसले, आठीसकट, आणि तिनं बटण दाबलं. हात आपलं काम करत राहिला, पण मन मात्र बाहेरच्या खोलीतल्या भिंतीपाशी जाऊन उभं राहिलं होतं. या बाईंना त्या आठीची जन्मवेळ माहीत आहे. आणि मला? हजारो माणसांचे चेहरे मी रोमरोमाने वाचलेत, कुणाचा कोणता डोळा किंचित लहान आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि जो चेहरा माझ्या मांडीवर...

पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला. नवरा पाणीपुरवठ्यात अभियंता होता आणि कुठल्याही प्रश्नाकडे गळती म्हणून बघायचा.

"हिच्या जबड्यावर तीळ आहे?"

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"आहे की. आठवीपासून आहे. का गं, दुखतोय का?"

"मला का नाही सांगितलंस?"

"अगं, तिनंच सांगितलं होतं, आईला दाखवू नकोस, ती पुसून टाकेल." तो हसला, मागे कुठेतरी पंप सुरू होता. "गंमत म्हणून म्हणाली असेल. हॅलो? अगं, हॅलो?"

"ऐकतेय."

"येताना दूध आणू का?"

"आण."

तिनं फोन ठेवला आणि भिंतीवरचा फोटो खाली उतरवला. मूळ फाइलमध्ये ठिपका होताच. नवा प्रिंट काढता आला असता, पण त्याला आठवडा लागणार, आणि मुलगी आज येणार होती. खणात एक ब्रश होता, तीनचार केसांचा. छपाईच्या वेळी धुळीचा कण बसून कागदावर पांढरा टिपका राहिला की तो रंगानं भरून दिसेनासा करायचा, एवढ्यासाठीच तो ठेवलेला. आयुष्यभर त्यानं फक्त लपवायचं काम केलं होतं. तिनं काच काढली, तांबूस रंग कालवला, ब्रश टेकवायला वाकली — आणि थांबली. नेमका कुठे? कानापासून बोटभर, पण कुणाचं बोट? जबड्याच्या कडेला, की किंचित खाली? सकाळीच तर पाहिला होता. फाइल उघडून बघणं सोपं होतं. पण ते तर परीक्षेत पुस्तक उघडण्यासारखं... तिनं डोळे मिटले. मुलीचं पहिल्या दिवसाचं सुरकुतलेलं कपाळ दिसलं, तापात लाल झालेले कान दिसले, टेबलाखालचे दोन गुडघे दिसले. जबडा काही दिसेना. ब्रश वाळला. तिनं तो परत ओला केला.

"काय करतेयस?"

मुलगी दारात उभी होती. मग टेबलापाशी आली, फोटोकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप जबड्याकडे गेला. चूक काय झाली हे तिला सांगावं लागलं नाही.

"पुरळ वाटलं," आई म्हणाली.

"आठवीपासून?"

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत गेलं. मग मुलीनं दप्तर खाली ठेवलं, न्यायाधीशांचं स्टूल खिडकीपाशी ओढलं, त्यावर बसली आणि डावी बाजू उजेडाकडे केली.

"घे. बघून काढ. फाइल नको उघडूस."

आई जवळ गेली. मध्ये कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा नसताना हात कुठे ठेवायचे असतात ते तिला आठवेना. ठिपका होता, आणि तो तांबूस नव्हताच. चक्क तपकिरी होता, एका बाजूला जरा पसरलेला, घाईत लावल्यासारखा. त्याच्यावर एक बारीक सोनेरी लव होती. रंग पुन्हा कालवावा लागणार होता.

"तू सगळ्यांकडे असंच बघतेस?" मुलीनं विचारलं. बोलताना ठिपका हलला.

"नाही."

"मग ठीक आहे." थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "आई, आज घरून निघताना काय विसरून आलीस?"

ती खरंच आठवू लागली... चष्मा होता, किल्ल्या होत्या... आणि तिच्या लक्षात आलं की आपले ओठ सैल पडलेत, भुवया वर गेल्यात, आणि मुलगी मान न हलवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, त्या बावळट चेहऱ्याकडे टक लावून बघतेय. तिला तो झाकावासा वाटला. तिनं तो तसाच राहू दिला. हातातला ब्रश पुन्हा वाळत चालला होता, आणि उजेड अजून थोडा वेळ टिकणार होता.