कार्यालयाचा एकमेव विद्यार्थी

“राष्ट्राचं भवितव्य वर्गाच्या चार भिंतींत घडतं,” असं निवड समितीला सांगून शिक्षणाधिकाऱ्यांनी घंटी वाजवली आणि भवितव्य आत आलं. ते सत्तावन्न वर्षांचं होतं आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होतं.

भवितव्य म्हणजे नेमणुकांच्या टेबलावरचे कारकून. एकतीस वर्षांपूर्वी शाळांना सुट्टी असल्यामुळे उमेदवारांच्या नमुना पाठाला मुलंच मिळाली नव्हती. तेव्हाचे साहेब म्हणाले, “आजचा दिवस तुम्ही बसा बाकावर.” तो तोंडी हुकूम पुढे कुणी मागे घेतला नाही. तेव्हापासून जिल्ह्यातला प्रत्येक शिक्षक आधी या एका मुलाला शिकवून मगच नोकरीला लागला. टक्कल पडलं तरी उमेदवार त्यांना ‘बाळ’ म्हणत. त्यांना शिकवून गेलेल्या कित्येक बाई आणि गुरुजी निवृत्तही झाले. हे मात्र चौथीतच राहिले.

संध्याकाळी बायको विचारायची, “आज काय शिकलात?”

“पाऊस कसा पडतो.”

“परत? मागल्या वर्षी नापास झालात वाटतं.”

पुढच्या वर्षापासून उमेदवार मोबाइलवर पाठ चित्रित करून पाठवणार होते. म्हणजे आजचा हा शेवटचा पाठ. जागाही एकच उरली होती, नदीपलीकडच्या शाळेची. दोन वर्षं रिकामी. आज भरली नाही तर पद रद्द आणि शाळेला कुलूप. तिकडे जायला तयार झालेली उमेदवारही एकच. तिची वयोमर्यादा याच महिन्यात संपत होती आणि ती हातात खडू घेऊन उभी होती.

विषय होता अपूर्णांकांचा भागाकार. या बाईंना अजिबात त्रास द्यायचा नाही, असं कारकुनांनी मनाशी ठरवलं.

“चारला अर्ध्याने भागलं तर किती, बाळ?”

“आठ, बाई. उलटा करून गुणायचं,” ते एका दमात म्हणाले.

बाई थांबल्या. “कळलंय, की पाठ आहे?”

खोटं बोलून काम भागलं असतं. पण एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“पाठ आहे,” ते म्हणाले. “भागल्यावर कमी व्हायला हवं ना? हे वाढतं कसं?”

समितीतले तज्ज्ञ खुदकन हसले. बाईंनी खडू ठेवला, समितीकडे खुशाल पाठ केली आणि बाकाजवळ उकिडव्या बसल्या. पिशवीतून चार कोरे कागद काढले.

“प्रत्येकाला अर्धा कागद द्यायचाय. फाडा.”

त्यांनी फाडले.

“किती जणांना पुरतील?”

“आठ.” त्यांनी तुकडे पुन्हा एकदा मोजले. “म्हणजे कागद नाही वाढले. माणसं वाढली.”

“झालं तर मग.”

तज्ज्ञांनी गुणांचा तक्ता पुढे सरकवला. “फळ्याचा वापर शून्य. समितीकडे पाठ. नाही घेता येणार, साहेब.”

साहेबांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. “विद्यार्थ्याचं काय म्हणणं?”

“समजलं, साहेब.”

“मी उमेदवार होतो तेव्हा हाच भागाकार शिकवला होता तुम्हाला. तेव्हाही ‘समजलं’ म्हणाला होतात.”

“तुम्हाला फार घाम फुटला होता, साहेब.”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथे सायकलींच्या शेडखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी तक्ता जवळ ओढला, शून्य खोडलं आणि सही केली. तज्ज्ञ काही बोलणार होते. साहेबांनी त्यांना चहाचं काय झालं ते बघायला पाठवलं.

नेमणुकीचा कागद छातीशी धरून बाई दाराकडे निघाल्या. बाई वर्गाबाहेर जाताना वर्गाने उभं राहायचं असतं. वर्गाने दोन्ही हात बाकावर टेकले, पाठ ताठ केली, अर्धा उठला आणि तिथेच थांबला.

“बाई,” ते म्हणाले, “जाण्याआधी जरा हात देता? गुडघा अडकलाय.”