नळी साडूच्या हातात

सकाळी डबा भरता भरता बायको बोलून गेली, "काल ताईकडे माझी जीभ घसरली. भाऊजींच्या कानाचं साहेबांना तुम्हीच सांगितलं होतं, ते बोलून बसले." पाणबुड्या डबा तसाच ठेवून बंदराकडे निघाला.

थोरला साडू हा बंदरातला एक नंबरचा पाणबुड्या. त्याचं कौतुक याच्या डोळ्यांत सलायचं. साडूचा कान अधूनमधून वाहतो हे घरातलं गुपित याने गुपचूप वर पोचवलं. साडूचं पाण्यात उतरणं बंद झालं, जागा याला मिळाली. आणि थट्टा बघा, होडीत बसून याची हवेची नळी आणि दोरी सांभाळायचं काम साडूकडेच आलं! जागा मिळाली, पण जीव साडूच्या मुठीत.

"काय साडूभाऊ, तोंड का उतरलंय?" होडीत साडूने विचारलं. साडूला कळलंय की नाही, काही थांग लागेना. पाणबुड्या नजर चुकवून पाण्यात उतरला.

जहाजाच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायचं होतं. ज्या बाजूने गेलो त्याच बाजूने परतायचं, नाहीतर नळी पात्याला वेढा घालते, हे तो झोपेतही विसरला नसता. पण आज चित्त थाऱ्यावर नव्हतं. घाईघाईत जाळं कापून तो भलत्याच बाजूने निघाला आणि हवा एकदम कमी झाली. त्याला पातं आठवलंच नाही, आठवला साडूचा हात. दाबली! सूड उगवला मेल्याने!

नळी कमरपट्ट्याला बांधलेली आणि ताणलेली, त्यामुळे वरही जाता येईना. दोरीला दोन हिसके दिले की वरचा माणूस ओढून घेतो. त्याचा हात दोरीकडे गेला आणि तिथेच थिजला. नळी दाबणारा दोरी ओढेल होय? उलट मी तडफडतोय हे कळून खूश होईल. भीतीने त्याची अक्कल पार गहाण पडली होती. छाती फुटायला आली.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा खांदा धरला. साडू! अंगातल्या कपड्यांनिशी उडी मारून आलेला. त्याने पात्याभोवतीचा वेढा सोडवला आणि त्याला वर नेलं.

होडीत दोघे धापा टाकत पडले. साडूच्या कानातून रक्त येत होतं.

"मला रात्रीच कळलं," साडू म्हणाला. "सकाळी नळी हातात घेतली तेव्हा मनात पाप आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण हात धजावला नाही. मग बुडबुडे कमी झाले आणि जीव घाबरला माझा. हिसके का नाही दिलेस रे?"

पाणबुड्याला खोटं सुचेना. "वाटलं, तुम्ही ओढणार नाही."

रात्री बायकोच्या तोंडून सगळं ऐकतानाही साडू इतका दुखावला नव्हता.

"जागा गेली ते गिळलं असतं मी," त्याने दोरी पाणबुड्याच्या मांडीवर ठेवली. "हे नाही गिळवत. उद्यापासून वर दुसरा माणूस बघ."

मग त्याने वल्हं उचललं आणि होडी काठाकडे वळवली.