चार वाजताची आठवण

आई गेल्यापासून एल्वीला तिची आठवण यायची ती दुपारी, चार वाजायच्या सुमाराला.

चारची वेळ आईच्या गोळीची. गोळी घेतली की अर्ध्या तासाने आईच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या आणि ती बोलायला लागायची. तांब्याच्या खाणीत जाणाऱ्या वडिलांविषयी, गोठलेल्या सरोवरावरून चालत गाठलेल्या शाळेविषयी. आई गेली त्या सकाळी घरी येणाऱ्या नर्सने उरलेल्या गोळ्या, कुणी घेऊ नयेत म्हणून, रीतीप्रमाणे कॉफीच्या चोथ्यात कालवून टाकल्या. एक बाटली मात्र एल्वीने आधीच शिवणाच्या डब्यात सरकवली होती. झाकणावर आईने पेनाने मोठा चारचा आकडा काढला होता. ते अक्षर टाकवेना, एवढंच.

दफन करून आल्यावर तिने त्यातली एक घेतली. अंगातून ऊब पसरली, आणि आई शेजारच्या खुर्चीत बसली आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. बाटली संपत आली तेव्हा तिने डॉक्टरला पाठ धरल्याचं सांगितलं आणि त्याच गोळ्या लिहून घेतल्या.

मार्चमधल्या एका शनिवारी, चार वाजत आले असताना, तायमी मावशी बुटांवरचा बर्फ आपटत स्वयंपाकघरात आली. ती आईची, इम्पीची, जन्माची मैत्रीण, शेजारीच राहायची. तिच्या परसात सौना होती, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली.

"चल, सौना तापलीय. दगड नुसते लाल झालेत. इम्पीची लेक शनिवारची घरात बसते, शोभतं का?"

"पाठ धरलीय गं, मावशी."

"मग वाफेसारखं औषध नाही. तुझी आई जन्मली सौनात, तिची पाठ कधी धरली नाही. पाच शनिवार झाले तुझी नाटकं बघतेय मी."

गोळी घेऊन वाफेत बसलं की भोवळ यायची, म्हणून एल्वी जात नव्हती. चाळीस-पन्नास वर्षं दर शनिवारी त्या उष्ण अंधारात आईने तिची पाठ चोळली होती. आई जर कुठे उरली असेल तर तिथेच.

तिला जांभई आली. मग आणखी एक. नाक गळायला लागलं.

"सर्दी झालीय का?"

"नाही गं. रोजचंच आहे."

"रोज? सकाळपासून?"

"नाही, याच वेळेला."

बोलून गेली आणि एल्वी थबकली. मानेवर घाम आला होता. तिने आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. तो येईना. येत होतं ते झाकण, आणि ते उघडताना होणारा आवाज. इतके दिवस ती याच ओढीला आईची आठवण म्हणत होती.

"मावशी, माझी पाठ दुखत नाही."

"मग?"

"मी गोळ्या घेते. दुखण्यावरच्या."

तायमीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती बसली. "इम्पीच्या?"

"आधी तिच्या. आता माझ्या."

"कधी बंद करून पाहिल्यास का?"

"एकदा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकले. अंग नुसतं पिळवटून निघालं."

"मग एकटीने परत तसलं धाडस करू नकोस. आत्ता नर्सला फोन लाव. आज काय करायचं ते ती सांगेल. सोमवारी डॉक्टरकडे मी येते बरोबर. आणि तिथे पाठीची गोष्ट सांगायची नाही, ही सांगायची."

"तुझी सौना निवेल."

"निवू दे. काही पळून जात नाही."

एल्वीने फोन हातात घेतला, पण नंबर लावायला बोट हलेना.

"काय होतंय?" तायमीने विचारलं.

"आई हवीय." मग ती हळूच म्हणाली, "आणि गोळीही हवीय. कुठलं कुठे संपतं ते मला कळत नाही गं, मावशी."

तायमीने आपली खुर्ची ओढून एल्वीच्या खुर्चीला भिडवली. एल्वीने नंबर लावला.